तेवीस नावं, एक गैरहजर

त्या शाळेत हजेरी पुकारत नाहीत. आजकालचं नाही हे, पन्नास वर्षं झाली. बाई नाहीतर गुरुजी वर्गात येतात, बाकांवरून एकदा नजर फिरवतात, कोण आलेलं नाही ते बघतात आणि कॅटलॉगमध्ये मुकाट्यानं खुणा करतात. नवीन शिक्षक आला की पहिल्या दिवशी हमखास मोठ्यानं नाव घ्यायला जातो. मग शाळेच्या मावशी दारातून डोकं आत घालतात आणि म्हणतात, "सर, आपल्याकडे तसं नाही." का नाही, ते कोणी सांगत नाही. म्हाताऱ्यांना माहीत असतं म्हणून ते बोलत नाहीत, आणि तरुणांना माहीत नसतं म्हणून. अळीमिळी गुपचिळी! आणि आपण म्हणायचं, काळ सगळ्यावर औषध असतो. डोंबलाचं औषध.

चौथीच्या बाईंना ते कारण माहीत होतं. माहीत होतं कसलं, त्या तिथं उभ्या होत्या. तेव्हा दुसरीत होत्या, सात वर्षांच्या.

त्या वर्षी वरच्या वस्तीतल्या लोकांना हाकलायचं, असं खालच्या लोकांनी ठरवलं होतं. कशावरून, ते मला विचारू नका. असल्या गोष्टींना कारण मागाहून चिकटवतात. एका सकाळी शाळेच्या फाटकाशी दोन ट्रक येऊन थांबले. आलेली माणसं म्हणाली, वरच्या वस्तीतली पोरं वेगळी काढा, त्यांना त्यांच्या आई-बापांकडे पोचवायचंय. कॅटलॉगमध्ये पत्त्याचा रकाना होताच. सगळी शाळा मैदानात रांगेनं उभी केली. सगळ्यांत मोठा आवाज चौथीच्या गुरुजींचा, म्हणून सगळ्या वर्गांचे कॅटलॉग त्यांच्या हातात दिले. त्यांनी नावं वाचली. पोरं "हजर" म्हणत एकेक करून ट्रककडे चालत गेली. शिकवलंच होतं तसं, नाव घेतलं की नीट उभं राहायचं आणि हजर म्हणायचं. बावीस पोरं गेली ती गेलीच, आणि त्यांचे आई-बापही पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

ते चौथीचे गुरुजी म्हणजे बाईंचे वडील.

आणि रांगेत उभ्या असलेल्या सात वर्षांच्या बाईंना त्या वेळी काय वाटलं होतं, सांगू? अभिमान. एवढ्या सगळ्या गुरुजींमधून माझ्या अण्णांना वाचायला दिलं, म्हणून शेजारच्या मुलीला त्यांनी कोपरानं ढोसलं होतं. हे त्यांनी जन्मात कोणाला सांगितलं नाही, नवरा होता तोवर त्यालासुद्धा नाही.

अण्णांनी त्या आठवड्यातच नोकरी सोडली. एका छापखान्यात जुळारी म्हणून लागले, शिशाचे खिळे उचलायचे आणि ओळीत बसवायचे. तोंड उघडायची गरजच नाही असं काम. मैदानाच्या या टोकाला बोललेलं त्या टोकाला ऐकू जाणारा माणूस घरात इतका हळू बोलायला लागला, की बाईंच्या आईला दर वाक्याला "काय म्हणालात?" विचारावं लागायचं. पुढं बाई मास्तरकीची परीक्षा पास झाल्या, तेव्हा अण्णा चार दिवस जेवणापुरतेही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले, "नेमणूक त्याच शाळेत मागून घे." का, ते बाईंनी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

अशी चौतीस वर्षं झाली. बाई नाकासमोर चालणाऱ्या, आवाज मऊ, पदराला कायम खडूची पावडर. वर्गात एकच कडक कायदा, थाप मारायची नाही. गृहपाठ केला नाही तर केला नाही म्हणावं, बाई ओरडत नसत. आजी आजारी पडली म्हटलं, की मग मात्र त्या मुलाची शंभरी भरली. एकदा एका पोरानं वर्षात तीन वेळा आजी मारली होती; बाईंनी तिसऱ्या वेळी सांत्वनाला त्याच्या घरी जाऊन आजीच्याच हातचा चहा घेतला. नवरा वारल्याला सहा वर्षं झाली होती, मुलगा लांब नोकरीला. घरात त्या आणि एक्याऐंशी वर्षांचे अण्णा. येत्या उन्हाळ्यात बाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि आता सुखासमाधानानं सुटू असं त्यांना वाटत होतं.

आणि नेमका त्याच वर्षी चौथीच्या नव्या पुस्तकात तो पाठ आला.

पाठ तरी केवढा, आठ ओळी. "त्या दिवशी शाळेतील बावीस मुले नेण्यात आली." कोणी नेली, कोणी हातात दिली, याचा कुठं मागमूस नाही. खाली रिकाम्या जागा भरा: शाळेतील ____ मुले नेण्यात आली. लिहिणाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे. मेलेल्या पोरांवर एक मार्क!

शेजारच्या तुकडीला एक तरुण बाई होत्या, उत्साही, मनानं चांगल्या. त्यांनी कुठल्याशा मार्गदर्शिकेत वाचलं, की इतिहास मुलांना अनुभवायला द्यावा. झालं. त्यांनी अर्ध्या मुलांच्या हाताला लाल फीत बांधली, नावं पुकारून त्यांना उभं केलं आणि एकेकाला वर्गाबाहेर नेऊन दार लावून घेतलं. आतली मुलं आधी हसली, मग गप्प झाली, मग रडायला लागली. एका मुलाची चड्डी ओली झाली. दुसऱ्या दिवशी एक आई चप्पल हातात घेऊनच ऑफिसात शिरली. त्या तरुण बाई नंतर स्टाफरूममध्ये हुंदके देत होत्या, "मला वाटलं, त्यांना कळेल." चौथीच्या बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कळलं गं. नको तेवढं कळलं."

मुख्याध्यापक बाईंच्या मुलाच्या वयाचे. ते घाबरून गेले होते. "मॅडम, तुम्ही नुसता पाठ वाचा, रिकाम्या जागा भरून घ्या आणि पुढं चला. उगाच खोलात नको."

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का, सर? मधल्या सुट्टीत पोरं आता तोच खेळ खेळतायत. फीत बांधून. मी शिकवते नीट."

सर दोन मिनिटं टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मी मागं बसणार."

बाईंनी मंगळवार धरला, पहिला तास. असला धडा शेवटच्या तासाला घ्यायचा नाही, नाहीतर भीती दप्तरात बसून घरी जाते. शुक्रवारी तर नाहीच, दोन दिवस विचारायला कोणी नसतं. पुढचे दोन तास चित्रकला आणि खेळ. पालकांना आधी चिठ्ठी. फोटो दाखवायचा नाही, नक्कल करायची नाही, कोणाला "तू त्या जागी असतास तर" असं विचारायचं नाही. हे सगळं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी आपल्याला कोणी काहीच सांगितलं नाही, तेव्हा आपल्याला काय काय हवं होतं, ते आठवून आठवून त्यांनी ठरवलं होतं.

मी तुम्हाला वर सांगितली तेवढीच गोष्ट बाईंनी मुलांना सांगितली. फक्त नावं कोणी वाचली, ते सांगितलं नाही. "शाळेत नावं वाचली गेली" म्हणाल्या आणि पुढं गेल्या. ती मुलं कशी होती ते मात्र भरपूर सांगितलं. एक शिट्टी फार छान वाजवायचा, एकीला सातचा पाढा कधी आलाच नाही, दोघे भाऊ एकच स्वेटर दिवसाआड घालायचे. मग बिस्किटांचा रिकामा डबा टेबलावर ठेवला. "मनात जे येईल ते चिठ्ठीवर लिहून यात टाका, आपलं नाव घालू नका. उद्या सगळ्यांची उत्तरं देते. माहीत असेल ते खरं सांगेन, नसेल तर माहीत नाही म्हणेन. थाप मारणार नाही."

डब्यात सत्तावीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यांची दप्तरं कुठं गेली? ट्रकचा रंग कोणता होता? त्यांना डबा खायला दिला का? तो स्वेटर त्या दिवशी कोणी घातला होता? बाई एकेक चिठ्ठी उघडत होत्या आणि त्यांचा चष्मा पुन्हा पुन्हा धूसर होत होता. एका चिठ्ठीवर टपोरं, जोर देऊन काढलेलं अक्षर होतं. नाव नसलं तरी ते कोणाचं हे डोळे मिटून सांगता आलं असतं. वर्गात एक मुलगी होती, प्रत्येक गोष्टीला "पण का?" म्हणून अडवायची, मुलं तिला वकीलबाई म्हणत. तिनं लिहिलं होतं: "नावं कोणी वाचली? तुम्ही असतात तर आमची नावं वाचली असती का?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. ती चिठ्ठी आपल्या रक्ताकडे बोट दाखवतेय असंच बाईंना वाटलं. सांगावं, तर एक्याऐंशी वर्षांच्या बापाला पोरांच्या तोंडी द्यायचं. माहीत नाही म्हणावं, तर चौतीस वर्षं ज्या एका गोष्टीवर वर्ग चालवला, ती गोष्ट स्वतःच्याच हातानं बुडवायची. आणि पोरांना थाप लगेच कळते हो.

संध्याकाळी अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. बाई समोर स्टुलावर बसल्या. एवढं सरळ त्या पन्नास वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या.

"अण्णा, मुलांनी विचारलंय, नावं कोणी वाचली."

अण्णांनी हातातला पेपर घडी घालून मांडीवर ठेवला. "मग सांग की."

"तुमचं सांगू?"

"माझंच सांग. दुसऱ्या कोणी वाचली होती?" मग त्यांनी पेपरची घडी पुन्हा नीट केली. बाई उठणार, तेवढ्यात म्हणाले, "बारा नावं होईस्तोवर मला खरंच वाटत होतं, आई-बापांकडे नेतायत. बाराव्या पोराला त्या माणसानं दंडाला धरून ट्रकमध्ये फेकलं. पोतं फेकावं तसं. तेव्हा मला कळलं."

"मग?"

"मग मी तेरावं नाव वाचलं."

बाई अर्धवट उठल्या होत्या, त्या पुन्हा स्टुलावर टेकल्या.

"चौदावं नाव माझ्या वर्गातल्या एका मुलीचं होतं. ती हजर म्हणायच्या आत शेजारची म्हणाली, 'गैरहजर, गुरुजी.' आणि ती तर धडधडीत समोर उभी! मी दोघींकडे बघितलं. आणि खूण केली, गैरहजर. कोणी काही विचारलं नाही. त्या माणसांना काय कळतंय कोण कोण ते. म्हणजे करता येत होतं. नऊ वर्षांच्या पोरीनं मला करून दाखवलं होतं. त्यानंतर नऊ नावं उरली होती. ती मी वाचली."

"का, अण्णा?"

"घाबरलो होतो. पण ती पोरगीही घाबरलीच असेल ना. हजेरी सुरू केली की शेवटपर्यंत वाचायची, एवढीच तोंडाला सवय. पुढचं नाव आलं, वाचलं. त्याच्या पुढचं आलं, वाचलं. तू रांगेत होतीस, तुझ्या जिवासाठी वाचली, असं मनाला सांगून बघितलं मी पुष्कळदा. बरं वाटलं असतं. पण खोटं आहे ते. त्या वेळी तू मला आठवलीसुद्धा नाहीस."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. चहा ठेवला आणि तो डोळ्यांदेखत उतू गेला. त्यांना वडिलांचा राग आला होता, भयंकर राग, आणि त्याच वेळी त्यांची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की माणसाला धड रडताही येत नाही. रोज अण्णांच्या हातात देत, तो कप त्यांनी त्या दिवशी स्टुलावर ठेवला.

चौदावं नाव कोणाचं, ते विचारायला नको होतं. वरच्या वस्तीतलं एकच माणूस गावात उरलं होतं, शाळेच्या मावशी. त्या दिवशी मावशी तापानं घरी होत्या म्हणून वाचल्या, असंच सगळे समजत होते. कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं ना, गैरहजर. लिहिलेलं कोण तपासतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी व्हरांड्यात झाडू मारत होत्या. बाई जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, काल अण्णांनी सांगितलं." मावशींनी झाडू थांबवला नाही.

"मग कळलं तर तुम्हाला."

"मी आज मुलांना सांगणारेय. तुमची हरकत असेल तर नाही सांगत."

"सांगा. ज्या मैत्रिणीनं गैरहजर म्हटलं, तिच्याच घरात वाढले मी. ती बिचारी पहिल्या बाळंतपणात गेली. तिचं सांगा, तिचं कोणी सांगतच नाही. माझं नाव मात्र घेऊ नका. पोरं मला घाबरतात, तेच बरंय. बिचाऱ्या मावशी म्हणून बघायला लागली, तर माझं ऐकणार कोण?" मग त्या ताठ उभ्या राहिल्या. "तुमच्या वडिलांनी ती एक खूण केली, म्हणून मी इथं झाडू मारतेय. पुढच्या नऊ जणांना केली नाही, त्यांत माझा धाकटा भाऊ होता. म्हणून रस्त्यात दिसले, तर मी त्यांच्याशी बोलत नाही. दोन्ही खरं आहे, बाई. एकानं दुसरं फिटत नाही."

पहिला तास सुरू झाला. मुख्याध्यापक मागच्या खुर्चीत वही उघडून बसले. बाईंनी आधी सोप्या चिठ्ठ्या घेतल्या. ट्रक हिरवे होते. स्वेटर कोणी घातला होता, माहीत नाही. डबे वर्गातच राहिले होते. मग त्यांनी टपोऱ्या अक्षराची चिठ्ठी हातात घेतली.

"नावं कोणी वाचली, असं विचारलंय. नावं वाचली ते गुरुजी माझे वडील."

 सरांचं पेन थांबलं. बाईंनी सगळं सांगितलं. बारा नावं, तेरावं नाव, शेजारच्या मुलीनं म्हटलेलं गैरहजर, आणि त्यानंतरची नऊ. स्वतःचंही सांगितलं, की तेव्हा मला अभिमान वाटला होता आणि त्याची मला आज लाज वाटते. 

"बाई," पुढच्या बाकावरचा एक मुलगा चाचरत म्हणाला, "पण ती थाप होती ना? गैरहजर म्हणाली ती."

"थापच होती. थाप मारायची नाही म्हणते ना मी? आणि त्या दिवशी त्या मैदानात जे जे बोललं गेलं, त्यात ती थापच तेवढी चांगली होती. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं, ते मला अजून नीट जमत नाही. तुम्हाला जमलं तर मला सांगा."

वकीलबाई उभी राहिली. "दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत."

"नाही दिलं. मी असते तर वाचली असती का?" बाईंनी चिठ्ठीकडे बघितलं. "नसती वाचली, असं म्हणायला मला फार आवडेल. पण मला माहीत नाही. माझे वडीलही वाईट नव्हते, बाळ. त्यांनाही आदल्या दिवशी विचारलं असतं, तर ते नाहीच म्हणाले असते."

ती बसली नाही. "त्या मुलीला तसं म्हणायला कोणी शिकवलं होतं?"

"कोणीच नाही."

"मग आपण आधीच ठरवून ठेवू. मी हिचं म्हणेन, ही माझं म्हणेल." तिनं शेजारणीचा दंड धरला. ती घाबरलेली नव्हती. मधल्या सुट्टीत संघ पाडावेत तसं तिचं चाललं होतं. आणि बघता बघता वर्गभर कुजबुज सुरू झाली. मी तुझं, तू माझं. कालपासून भांडलेले दोघे एकमेकांकडे न बघताच म्हणाले, बरं, मी तुझं. बाईंना वाटलं थांबवावं, पोरांनी असले करार करायची वेळ यावी का? आपल्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ती एकमेकांवर ठेवतायत, याचं त्यांना वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. त्यांनी थांबवलं नाही.

शेवटच्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी एकटीच होती. तिच्या शेजारणीला गोवर आला होता. तिनं हात वर केला.

"बाई, माझ्या बाकावर कोणीच नाही. माझं कोण म्हणणार?"

"मी म्हणेन," बाई म्हणाल्या.

पटकन निघून गेलं ते. विचार करून नाही, तोलून मापून नाही. निघून गेल्यावर बाईंना कळलं आपण काय बोललो ते, आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. सगळी पोरं त्यांच्याकडे बघत होती. थाप असेल तर आत्ता चेहऱ्यावर दिसेल, अशा नजरेनं.

वकीलबाईनं जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मिळालं उत्तर," आणि खाली बसली.

चौतीस वर्षांत बाई वर्गासमोर कधी रडल्या नव्हत्या, त्या तिथं उभ्या उभ्या रडल्या. पोरं घाबरली नाहीत. चष्मेवाली उठली, बाकांमधून वाट काढत पुढं आली आणि तिनं आपली पाण्याची बाटली टोपण काढून बाईंसमोर धरली.